साक्षीतली बकरी

मार्च १९८६मध्ये केप टाउनजवळच्या गुगुलेथू वस्तीत पोलिसांनी सात तरुणांना गोळ्या घालून मारलं. दहा वर्षांनी त्यांच्यापैकी एकाची आई, नोट्रोज नोबोम्वू कोनिले, दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगापुढे खोसा भाषेत साक्ष द्यायला आल्या. त्या साक्षीची इंग्रजी नोंद वाचली तर बाई भ्रमिष्ट वाटतात. मुलाच्या मृत्यूच्या हकिकतीत मध्येच एक बकरी येते, पुढे कोळसा गोळा करताना अंगावर आलेला दगड. त्याच हत्याकांडातल्या दुसऱ्या एका मुलाची आई, सिंथिया न्गेवू, मारेकऱ्यालाही त्याचं माणूसपण परत मिळावं असं म्हणाल्या आणि ते जगभर उद्धृत झालं. कोनिलेबाईंचं बोलणं कुणी उचललं नाही.

‘देअर वॉज धिस गोट’ (२००९) हे पुस्तक त्या एकाच साक्षीबद्दल आहे. आफ्रिकान्स कवयित्री आंत्की क्रोख, खोसाच्या अध्यापक नोसिसी म्पोल्वेनी आणि मानसशास्त्रज्ञ कोपानो रातेले यांनी मूळ खोसा शब्द नव्याने उतरवून घेतले, नव्याने भाषांतरित केले. निसटलेल्या जागा सापडल्या. बकरी स्वप्नातली होती. खोसा घरात बकरी पूर्वजांच्या विधीशी बांधलेली. असं स्वप्न म्हणजे वाईटाची चाहूल. हे ठाऊक असलेल्या शेजारणीला कोनिलेबाईंचं बोलणं तुटक वाटलं नसतं.

दुभाष्यांवर खापर फोडणं सोपं आहे. पण त्यांना ऐकता ऐकता, तेही ‘मी’ म्हणून, बोलायचं होतं: दिवसभर दुसऱ्याच्या मेलेल्या मुलाला ‘माझा मुलगा’ म्हणायचं. (कागदावर काम करणारे आम्ही निदान उठून चहा तरी पिऊन येतो.)

आयोगाच्या नावातला शब्द मराठीत आणतानाही हात अडतो. ‘समेट’ म्हटलं की दोन्ही बाजू सारख्याच भांडल्या असं वाटतं. ‘दिलजमाई’ राजकारण्यांच्या बातम्यांनी वापरून गुळगुळीत केलेली. ‘सलोखा’ त्यातल्या त्यात बरा, पण तो आधी कधीतरी होता असं गृहीत धरतो. खोसात ‘उक्सोलो’ म्हणजे शांतीही आणि माफीही. शांती हवी असलेल्या बाईकडे त्याच शब्दात माफीही मागितली जाते.

पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. तिघे अभ्यासक कोनिलेबाईंचं बोलणं सुसंगत होतं हे सिद्ध करायला इतके झटतात, की सुसंगत ठरल्याशिवाय तिचं दुःख ऐकण्याजोगं नव्हतं की काय, असा प्रश्न पडतो. विश्लेषणाची पानं वाढतात तसा तिचा आवाज मागे जातो. रातेले यांनी तिच्या ‘मी’बद्दल, समूहापासून तुटलेल्या एकटेपणाबद्दल लिहिलेला भाग मात्र पुन्हा वाचावा असा. त्यानंतर त्या दगडात प्रतीक शोधावंसं वाटत नाही. एक एकटी बाई कोळसा आणायला गेली होती, आणि मुलाबद्दल विचारलं तेव्हा तिला हेही सांगायचं होतं.