डाव कोणाचा? : पत्त्यांवरील शब्द आणि खेळातील तोल

रसिकांनी स्वतः रचलेल्या पत्तेखेळांची चिकित्सा करताना दोन निकष सहसा वेगळे ठेवले जातात : पानांच्या बळाचा परस्परतोल आणि पानांवरील मजकुराची स्पष्टता. पहिला गणिताचा प्रश्न समजला जातो, दुसरा भाषेचा. ही विभागणी टिकणारी नाही. पानावरील वाक्याचे दोन अर्थ होत असतील तर त्या पानाची बळेही दोन होतात; आणि ज्या पानाचे बळच निश्चित नाही, त्याचा तोल साधता येत नाही.

रिचर्ड गारफील्ड यांच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ (१९९३) या खेळाच्या चाचणीकाळातील एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. प्रतिस्पर्ध्याची पुढची पाळी बुडावी, एवढाच एका पानाचा हेतू होता. मूळ इंग्रजी मजकुरात मात्र ‘मुकणे’ आणि ‘हरणे’ या दोहोंना सामावणारे एकच क्रियापद असल्याने, प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीत संपूर्ण खेळ हरतो, असा अर्थ एका खेळाडूने घेतला. मजकूर ‘प्रतिस्पर्धी पुढचा डाव गमावतो’ असा मराठीत आणला तरी संदिग्धता फिटत नाही. कारण ‘डाव’ म्हणजे पाळीही आणि वाटणीपासून हारजितीपर्यंतचा अख्खा खेळही. काव्यात अशी अनेकार्थता गुण ठरते. विल्यम एम्पसन यांनी १९३० साली तिचे सात प्रकार सांगितले. खेळात मात्र वाचनाचा शेवट कृतीत व्हावा लागतो. म्हणून पत्त्यावरील वाक्य कवितेपेक्षा मीमांसकांच्या विधिवाक्याला जवळचे आहे. एकाच वाक्यातून दोन विधी काढावे लागणे हा तेथे ‘वाक्यभेद’ नावाचा दोष होय. ‘मॅजिक’च्या पानांवर नियमाचा मजकूर आणि वातावरणनिर्मितीचा मजकूर निरनिराळ्या वळणाच्या अक्षरांत छापतात; विधी आणि अर्थवाद यांचीच ही फारकत. हौशी रचनाकाराच्या पानात वर्णन नियमात शिरते, तेव्हा प्रथम ही फारकत मोडलेली असते.

याच्या उलट टोकाला सावंतवाडीची दशावतारी गंजीफा उभी आहे. तिच्या १२० गोल पानांवर नियमाचा एकही शब्द नाही. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. १५२७ मध्ये बाबराने सिंधमधील शाह हसन याच्याकडे गंजीफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पुढे रूढ झालेल्या आठ रंगी, ९६ पानी मोगल गंजीफ्याचे दशावतारी रूप हे निव्वळ चित्रांतर नव्हे. ते विचारपूर्वक केलेले भाषांतर आहे. मोगल खेळात चार रंगांत दश्शी बलवान, तर उरलेल्या चारांत एक्का. दशावतारी खेळात हीच उलटापालट पाच-पाच रंगांत होते. त्यामुळे कोणताही अंक स्वभावतः थोर किंवा हलका राहत नाही. मोगल खेळात दिवसा ‘सुर्ख’ म्हणजे सोन्याच्या नाण्याच्या रंगाने आणि रात्री ‘सफेद’ म्हणजे चांदीच्या नाण्याच्या रंगाने आरंभ होतो. येथे दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची. सोने-चांदीच्या जागी सूर्यवंश आणि चंद्रवंश आले, असे हे रूपांतर वाचता येते. संदर्भ बदलला, कार्य अबाधित राहिले.

परंतु या तोलाची किंमत स्पष्टतेने चुकवलेली आहे. पाच मासे काढलेले पान आपला अंक सांगते, आपले बळ सांगत नाही. चढता क्रम कोणत्या रंगांत आणि उतरता कोणत्या, हे खेळणाऱ्यांच्या स्मरणात असते. दिवेलागणीला मांडलेला खेळ दिवसाचा की रात्रीचा, याचा निवाडाही बैठकच करते. येथील संदिग्धता दोष ठरत नाही, कारण तिचे निरसन करणारा समूह खेळाला बसलेला असतो. आधुनिक रसिकनिर्मित खेळाला असा समूह गृहीत धरता येत नाही. त्याचे पान अनोळखी हातात पडते आणि तेथे रचनाकार समजावून सांगायला नसतो.

तोच प्रसंग आता गंजीफ्यावरही आला आहे. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यात या कलेला नवा आश्रय दिला, म्हणून चित्रे वाचली. परंतु ती पेटी उद्या चंदीगडच्या एखाद्या घरी उघडली, तर सोबतची नियमपत्रिकाच बैठकीची जागा घेईल. तेथील हिंदी-पंजाबी वाचकासाठी ‘डाव’चा ‘दाँव’ केला, तर पाळीऐवजी पणाला लावलेली वस्तू पुढे येईल. ‘पाळी’, ‘उतारी’, ‘हात’ आणि ‘खेळ’ यांना प्रत्येकी एकच अर्थ ठरवून देणे, आणि पाच-पाच रंगांचे क्रम नावानिशी नोंदवणे, हे त्या पत्रिकेचे पहिले काम आहे. ते राहिले, तर पेटीत १२० सुबक चित्रे उरतील. त्यांतला खेळ मात्र कोणाला वाचता येणार नाही.