फाशांच्या खेळातली भक्ती

रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून चारपाच जणांनी मिळून पुढे नेलेली गोष्ट. प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो. पात्राचा बेत तडीस जातो की नाही, हे बहुतेक वेळा फासे ठरवतात. पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी आकड्यांत मांडणे या खेळांना १९७४च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासूनच साधले. देवावरची निष्ठा मांडणे मात्र फार थोड्यांना जमले आहे. नियम लिहिणारा भक्ती कशाला मानतो, ते त्याच्या नियमातच उघड होते.

सुरुवातीचे उत्तर कराराचे होते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७८च्या नियमपुस्तकातल्या पॅलाडिनने, म्हणजे धर्मयोद्ध्याने, कमाईचा दहावा हिस्सा दान द्यायचा, सन्मार्ग सोडायचा नाही. जाणूनबुजून दुष्कृत्य केले तर त्याच्या खास शक्ती जातात. अटी पाळा, शक्ती मिळवा. त्याच खेळाच्या १९८०च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये तर इंद्र, विष्णू, काली यांनाही जीवगुण, म्हणजे किती घाव सोसता येतील याचे आकडे, दिले गेले आणि देव युद्धात हरवता येण्याजोगे झाले. १९८६च्या ‘गर्प्स’ या खेळाने दुसरे टोक गाठले. तिथे कट्टर निष्ठा उणिवांच्या यादीत येते. ती पत्करली की पात्र घडवायला जास्तीचे गुण मिळतात. निष्ठा माणसाच्या निवडीला बांध घालते, एवढे खरे त्यात आहे. पण ती त्याला बळही देते, हे त्या यादीत मावत नाही.

खरी झेप ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५च्या ‘पेन्ड्रॅगन’ने घेतली. राजा आर्थरच्या सरदारांचा हा खेळ. इथे स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत: क्षमाशील आणि सूडबुद्धीचा, दयाळू आणि क्रूर, नम्र आणि गर्विष्ठ. प्रत्येक जोडीची बेरीज २०; एक बाजू वाढली की दुसरी घटते. समजा, भावाचा मारेकरी गुडघे टेकून अभय मागतो आहे आणि सरदाराची क्षमा १६ आहे. वीस बाजूंचा फासा १६ किंवा खाली पडला, तर तो क्षमा करतो, खेळाडूच्या मनात काहीही असो. वर पडला तर सुडासाठी फासा टाकायचा. तोही फसला तरच निर्णय खेळाडूचा. शिवाय जसे वागाल तसा स्वभाव वाढतो. आचरणातून माणूस घडतो, हा जुना धार्मिक विचार इतक्या नेमक्या नियमात क्वचितच उतरला असेल.

प्रत्येक धर्माचे पाच सद्गुणही इथे वेगळे आहेत. ख्रिस्ती सरदाराला नम्रता हवी, तर मूर्तिपूजकाला अभिमान. एकाचे पाप दुसऱ्याचे पुण्य ठरू शकते, हे मान्य करणे त्या काळात धाडसाचे होते. तरीही या गुणांत मोजले जाते ते शीलच. पाचही गुण उंचावलेला सरदार देवावर कधी रागावला का, त्याला कधी देव दुरावल्यासारखा वाटला का, हे ते गुण विचारत नाहीत.

ती उणीव ‘रूनक्वेस्ट’ या खेळाच्या २०१८च्या आवृत्तीने काही अंशी भरून काढली. तिथे शील वेगळे आणि देवावरचा जीव वेगळा. देवभक्ती ही पात्राच्या आवेगांपैकी एक, टक्क्यांत मोजलेली. तिच्या जोरावर फासा टाकला आणि यश आले, तर अंगात बळ संचारते. फासा अगदीच उलटला, तर भक्ती घटते आणि भक्त निराशेत बुडतो. सोळाव्या शतकात संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी आत्म्याच्या काळोख्या रात्रीविषयी लिहिले. आपल्या नामदेव-तुकारामांनी विठ्ठलाशी भांडण मांडले. त्या अनुभवाला या नियमात जागा आहे, कारण इथे भक्ताचे काहीतरी पणाला लागते.

ल्यूक क्रेन यांचा ‘बर्निंग व्हील’ याच वाटेने आणखी आत जातो. खेळाडू पात्राच्या श्रद्धा स्वतःच्या शब्दांत लिहितो. श्रद्धेच्या दिशेने झटणाऱ्याला बक्षीस मिळतेच, पण श्रद्धेविरुद्ध जाणारा निर्णय घेताना मनातली घालमेल खेळून दाखवणाऱ्यालाही मिळते. व्हिन्सेंट बेकर यांच्या २००४च्या ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’मध्ये तरुण धर्मरक्षक गावोगाव जाऊन पापाचा निवाडा करतात, आणि तिथे पापपुण्य मोजणारा आकडाच नाही. खेळ चालवणाऱ्यानेही कौल द्यायचा नाही. देवाच्या नावाने दिलेल्या निकालाचा भार पूर्णपणे खेळाडूवर पडतो.

पन्नास वर्षांच्या या वाटचालीत नियमांना आज्ञापालन चांगले मांडता आले, शीलही मांडता आले. देवाशी असलेले नाते अजून मोजक्याच ठिकाणी उमटले आहे. आकडा भक्तीचा शत्रू आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ‘रूनक्वेस्ट’ त्यांना खोटे ठरवतो. पण भक्ताला संशय घेता आला पाहिजे, रुसता आले पाहिजे, सर्व गमावूनही पुन्हा देवाकडे वळता आले पाहिजे, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीने खेळ पुढे सरकला पाहिजे. नवे नियम लिहिणाऱ्यांनी बक्षिसे आणि शिक्षा ठरवण्याआधी हे परतणे कसे घडेल, ते लिहावे.