थिओडोर किटेल्सेन : अरूपाचे चित्रण

लोककथेतील अमानुष जीवांना श्रोत्याच्या मनात आकार असतो. परंतु तो निश्चित नसतो. कथा सांगणारा ‘तो प्रचंड होता, भयंकर होता’ एवढे म्हणून पुढे जातो आणि उरलेले काम श्रोत्याची भीती करते. अशा जीवाला चित्रकाराने एक ठाम रूप दिले, म्हणजे कथा समृद्ध होते की संकोच पावते? नॉर्वेजियन चित्रकार थिओडोर किटेल्सेन (१८५७–१९१४) यांच्या कलाजीवनात या प्रश्नाचा कस लागलेला दिसतो.

क्रागेर्यो या किनाऱ्यावरील गावी जन्मलेल्या किटेल्सेन यांना बालपणीच पितृवियोग झाला आणि घड्याळजीकडे उमेदवारी करावी लागली. पुढे ख्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) व म्यूनिक येथे त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. त्यांचे १८७९ मधील ‘संप’ हे चित्र सामाजिक वास्तवाचे आहे; ट्रोलांचा, म्हणजे तेथील राक्षसांचा, त्यात मागमूसही नाही. आस्ब्यर्नसेन व मू यांनी संकलित केलेल्या लोककथांच्या चित्रणासाठी एरिक वेरेनशॉल यांनी त्यांचे नाव सुचविले, तेव्हा त्यांच्या प्रतिभेला आपले क्षेत्र सापडले. वेरेनशॉल यांनी कथेतील माणसे जिवंत केली, तर किटेल्सेन यांनी माणसांपलीकडचे जग.

परंतु खरी दीक्षा मिळाली ती निसर्गाकडून. १८८७ पासून सुमारे दोन वर्षे ते लोफोटेनच्या समुद्रवेष्टित बेटांवर राहिले. १८९२ च्या ‘ट्रोलस्काब’ या ग्रंथात चित्रांबरोबर शब्दही त्यांचेच आहेत. येथून पुढे त्यांचे जीव निसर्गात आणून बसविलेले वाटत नाहीत, निसर्गातूनच ते उद्भवतात. १९०६ च्या ‘अरण्य-ट्रोल’ या चित्रात राक्षस कोठे संपतो आणि झाडांनी भरलेला डोंगर कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही.

१३४९ मध्ये नॉर्वेत पोचलेल्या महामारीवरील त्यांचा ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. लोकस्मृतीत ती महामारी ‘पेस्टा’ नावाची म्हातारी होऊन हिंडते. तिच्या हाती दाताळे असेल तेथे काही जण वाचतात. खराटा असेल तेथे कोणीही उरत नाही. जिना चढता चढता वर पाहणारी किटेल्सेन यांची पेस्टा केवळ भीती उपजवीत नाही. तिच्या मुद्रेत दीर्घ श्रमाचा शीणही आहे. येथे भयानकाला करुणाची जोड मिळते आणि चित्र कथेच्या पुढे जाते.

मात्र त्यांचे सर्वच चित्रण या प्रतीचे नाही. लांब नाक, शेपटी, अस्ताव्यस्त केस ही लक्षणे पुन्हा पुन्हा येऊ लागतात, तेव्हा ट्रोल विनोदी होतो, परिचित होतो. आणि परिचित झालेला राक्षस राक्षस उरत नाही. अनुकरण करणाऱ्यांनी नेमकी हीच लक्षणे उचलली, हा त्यांच्या लोकप्रियतेने घेतलेला मोबदला होय.

याउलट १९०४ च्या ‘न्योक’ या चित्रात काळोख्या डोहाच्या पाण्यावर दोन डोळे तेवढे दिसतात. बाकीचा जलराक्षस पाण्याखाली, म्हणजेच आपल्या मनात आहे. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. अरूपाला रूप देताना त्यातील काही भाग अरूपच राखणे, हे कथेशी प्रामाणिक राहणाऱ्या चित्रकाराचे खरे कर्तव्य आहे. किटेल्सेन यांनी ते जेथे ओळखले, तेथे ते कथेचे केवळ सजावटकार राहिले नाहीत; तिचे सहनिर्माते झाले.