तारीख नसलेले स्थित्यंतर : 'नव्वदोत्तरी' या संज्ञेची ऐरोलीतून एक तपासणी

मराठी समीक्षेत 'नव्वदोत्तरी' ही संज्ञा आता इतकी रुळली आहे की ती वापरताना कुणी खुलासा करत नाही. नव्वदोत्तरी कविता, नव्वदोत्तरी कादंबरी, नव्वदोत्तरी ग्रामीण साहित्य असे शब्दप्रयोग विद्यापीठांच्या अभ्यासक्रमापासून चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांपर्यंत सर्वत्र दिसतात. त्यामागचे गृहीतक साधे आहे. २४ जुलै १९९१ रोजी केंद्र सरकारने नवे औद्योगिक धोरण जाहीर केले, त्याच दिवशी डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला, बहुसंख्य उद्योगांचे परवाने रद्द झाले आणि देश नियोजनाच्या युगातून बाजाराच्या युगात शिरला. साहित्यही मग त्याच उंबरठ्यावरून आत आले, असे आपण धरून चालतो.

हे गृहीतक तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तपासणीसाठी मी ऐरोली निवडली, कारण मी तिथे राहतो आणि हे गाव नियोजनाच्या कागदावरून उतरलेल्या शहराचा भाग आहे. केंद्रीय नियोजनाचे बाजारात रूपांतर कसे झाले हे पाहायला दिल्लीतल्या फायलींइतकेच इथले रस्ते उपयोगी पडतात.

नवी मुंबईच्या कल्पनेमागे दोन धागे आहेत. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याचा विचार मांडला. त्याच वर्षी शासनाने धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिनेही मुंबईची वाढ खाडीच्या पलीकडे नेण्याचा मार्ग सुचवला. हेच गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांसोबत असलेला हा अर्थशास्त्रज्ञ. सहकार, प्रादेशिक नियोजन आणि पंचवार्षिक योजना या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या विचारात एकत्र येतात, तेव्हा नवी मुंबई ही 'योजना' या शब्दाचे किती खरे अपत्य आहे ते कळते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांची जमीन आणि ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र तिच्या नकाशात आले. ऐरोली हा त्या नकाशातला एक 'नोड'.

इथपर्यंतची कथा नियोजनाची. पण सिडकोच्या मूळ आखणीतच एक वेगळी गोष्ट होती. शहर उभारायला लागणारा पैसा मुख्यतः जमिनीच्या विक्रीतून उभा करायचा, असे ठरले होते. शेतकऱ्यांकडून शासकीय दराने जमीन घ्यायची, ती विकसित करायची आणि चढत्या दराने विकायची. त्यातून रस्ते, गटारे, शाळा आणि गरिबांची घरे उभी करायची. म्हणजे बाजार या योजनेत १९९१ साली बाहेरून आलेला नाही. तो पहिल्या दिवसापासून आतच होता, फक्त एका बाजूला. जमीन देणाऱ्यासाठी दर ठरलेला आणि जमीन घेणाऱ्यासाठी दर खुला, अशी ही रचना होती.

अर्थशास्त्रात अशा रचनेला दुहेरी दरपद्धती म्हणतात आणि तिचे नाव निघाले की चीनचे उदाहरण येते. तिथे १९८०च्या दशकात कारखान्याने ठरलेला कोटा सरकारी भावाने द्यायचा आणि त्यावरचे उत्पादन बाजारभावाने विकायचे, अशी सोय केली गेली. पोलंडने १९९० साली आणि रशियाने १९९२ साली एका झटक्यात भाव मोकळे केले; चीनने दोन भाव शेजारी शेजारी वर्षानुवर्षे चालू ठेवले. चीनमध्ये हे पोलादाचे आणि धान्याचे झाले, आपल्याकडे खाडीकाठी ते जमिनीचे झाले. दोन भावांमधल्या फरकात जो उभा राहू शकतो तो श्रीमंत होतो, हा या पद्धतीचा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

या फरकाविरुद्धचा उद्रेक १९९१च्या आधीचा आहे. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून १९९० साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा निर्णय आला. एका बाजूला बंद असलेला बाजार आता दुसऱ्या बाजूलाही किलकिला झाला. ऐरोली गाव, दिवा, रबाळे, गोठिवली इथल्या आगरी-कोळी कुटुंबांच्या हाती शेतीऐवजी एक हक्क आला आणि त्या हक्कालाही भाव आला. भूखंड प्रत्यक्ष ताब्यात यायला वर्षे लागत. ज्यांना थांबणे परवडले त्यांनी भूखंड घेतला. ज्यांच्या घरात लग्न, आजारपण किंवा कर्ज होते त्यांनी तो हातात येण्याआधीच कागदावर विकला. हळूहळू होणाऱ्या स्थित्यंतराचा निवाडा असा थांबण्याच्या ऐपतीवर होतो.

भाषेने हे सारे समीक्षेच्या आधी टिपले आहे. 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द पाहा. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त या मालिकेत तो बसतो. मराठीने योजनेला नैसर्गिक आपत्तींच्या पंगतीत बसवले आणि शासनानेही तो शब्द विनातक्रार आपल्या दाखल्यांवर छापला. पुढे या शब्दाचा अर्थ सरकत गेला. आधी तो दुःख सांगणारा होता, मग नोकरीतल्या प्राधान्याचा दाखला झाला आणि भूखंडांच्या व्यवहारात तर पात्रतेची खूण झाला. 'साडेबारा टक्के' हे प्रमाण तर चक्क नाम बनले; 'साडेबाराचा प्लॉट' म्हटले की इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. एका शब्दाने आपत्तीपासून मालमत्तेपर्यंत केलेला प्रवास मला नव्या आर्थिक धोरणावरच्या अनेक भाषणांपेक्षा बोलका वाटतो. या प्रवासाला तारीख नाही.

कायद्यांच्या नावांतही हीच गुंतागुंत आहे. 'एमआरटीपी' या एकाच आद्याक्षरांचे दोन कायदे तीन वर्षांच्या अंतराने झाले. १९६६चा महाराष्ट्राचा प्रादेशिक आणि नगररचना कायदा हा पहिला. मक्तेदारीला लगाम घालणारा १९६९चा केंद्राचा कायदा हा दुसरा. मक्तेदारीचा कायदा पुढे मोडीत निघाला, नगररचनेचा आजही लागू आहे. नियोजन मंडळ गेले आणि १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला, तरी ऐरोलीतली जमीन मुक्त बाजाराची झाली नाही. सिडकोने भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, औद्योगिक विकास महामंडळाने ९५ वर्षांच्या. लाखो रुपये मोजून घेतलेल्या घराखालची जमीन मालकाची नाही, हे इथल्या सोसायट्यांना हस्तांतरणाचे शुल्क भरताना आठवते. आपण ज्याला बाजार म्हणतो तो इथे योजनेच्या भाडेपट्ट्यावर उभा आहे.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा हे याचे दुसरे उदाहरण. औद्योगिक विकास महामंडळाने आखलेल्या या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आले. त्यांतले बरेच पुढे बंद पडले किंवा आक्रसले आणि त्याच पट्ट्यात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. हा बदल बाजाराच्या अदृश्य हाताने घडवला असे म्हणावे, तर त्यामागे राज्याचे माहिती तंत्रज्ञान धोरण, वाढीव चटईक्षेत्र आणि २००५चा विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा असे अगदी दृश्य हात आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये माइंडस्पेस बिझनेस पार्क्सचा न्यास शेअर बाजारात नोंदला गेला. तेव्हापासून ऐरोलीतल्या कार्यालयीन इमारतींच्या भाड्यातला वाटा कोल्हापुरात किंवा नागपुरात बसून विकत घेता येतो. ज्या गावात जमीन विकण्याचा दर एकेकाळी शासन ठरवत होते, तिथल्या भाड्याचा भाव आता दर मिनिटाला बदलतो. या दोन टोकांमध्ये सुमारे ५० वर्षे आहेत आणि १९९१ हे त्यांतले एक वर्ष आहे.

आता साहित्याकडे येऊ. हेमंत दिवटे, मन्या जोशी, वर्जेश सोलंकी यांच्या पिढीच्या कवितेने महानगरातली वस्तूंची गर्दी, जाहिरातींची भाषा आणि तुटक संवेदना मराठीत आणली, हे तिचे मोठे योगदान आहे. वस्तूंची नावे कवितेत येऊ देण्याचे धाडस तिने केले. पण तिचा मुक्काम मुख्यतः ग्राहकाच्या अनुभवात राहिला. दुकान उघडले, टीव्हीवर वाहिन्या आल्या, हा बदल एका सकाळी दिसू शकतो. तिथे 'आधी' आणि 'नंतर' स्पष्ट असतात. जमीन जाणे, हक्क विकला जाणे, कारखान्यातल्या पाळ्या तीनवरून दोनवर येणे, हे बदल असे दिसत नाहीत. त्यामुळे 'नव्वदोत्तरी' ही संज्ञा खरेदीच्या इतिहासाला चपखल बसते आणि गमावण्याच्या इतिहासाला अपुरी पडते. कवींनी आपल्या अनुभवापुरते प्रामाणिक लिहिले. त्या अनुभवाला सगळ्या काळाचे नाव देण्याचे काम समीक्षेने केले.

गमावण्याचा संथ इतिहास मराठीत नाही असे मात्र नाही. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५चे आहे. त्यातल्या देशपांड्यांच्या वाड्यापुढे बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे. हरितक्रांतीच्या योजनांची ती यंत्रखूण कुणी दुरुस्तही करत नाही आणि हलवतही नाही, घरच्या माणसांना तिची ठेच लागते. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' यांतून एलकुंचवार त्याच घराकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा येतात. त्रिनाट्याचा हा आकारच संथ स्थित्यंतराला साजेसा आहे, कारण बदल अंकांमध्ये जितका आहे तितकाच दोन नाटकांमधल्या न दाखवलेल्या वर्षांत आहे. जयंत पवारांचे 'अधांतर' १९९७ साली रंगभूमीवर आले, पण त्याचा विषय आहे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. नाटकाच्या शीर्षकातले अधांतर म्हणूनच केवळ धुरी कुटुंबाची मनःस्थिती नाही, ती एका न संपलेल्या घटनेची कालस्थिती आहे. प्रकाशनाच्या वर्षावरून हे नाटक नव्वदोत्तरी ठरते, आशयाने ते ठरत नाही.

गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे शोधायचे तरी २४ जुलैच्या भाषणाने भागत नाही. १९९१च्याच मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम आणि त्यात २००१ साली झालेला बदल वाचावा लागतो. त्यातल्या काही शब्दांच्या बदलाने गिरण्यांच्या जमिनीचा सार्वजनिक वाटा आक्रसला. एका उपनियमात असा इतिहास दडलेला असतो आणि कवितेला किंवा कादंबरीला तो सहज सापडत नाही, हे मान्य करायला हवे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. १९९१चे संकट खरे होते. परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतेच उरले होते, देशाचे सोने परदेशात गहाण ठेवावे लागले आणि परवाना राज्याचा मोठा भाग त्यानंतर खरोखर संपला. मग तारीख नाकारायची कशी? मी ती नाकारत नाही. उद्योगपतीच्या, आयातदाराच्या, शेअर दलालाच्या चरित्रात ती तारीख ठळक अक्षरांतच यावी. माझा मुद्दा एवढाच की, एका वर्गाच्या दिनदर्शिकेने सगळ्यांच्या साहित्याचे कालखंड पाडू नयेत.

यात पणाला लागते ते केवळ वर्गीकरण नाही. पोलंडमधल्या माणसाला आपले दिवस कधी पालटले ते सांगता येत होते. म्हणून त्याला त्या निर्णयाविरुद्ध मत देता आले आणि तिथे तसे मतदान झालेही. हळूहळू होणारा बदल वेदना वाटून टाकतो, म्हणून तो अधिक दयाळू मानला जातो आणि बऱ्याच अंशी तो तसा असतोही. पण तो तक्रारही वाटून टाकतो. आज नियम थोडा बदलला, दोन वर्षांनी शुल्क वाढले, आणखी पाच वर्षांनी शेजारचा कारखाना बंद झाला. यातल्या कोणत्या दिवसाबद्दल दाद मागायची? ज्या नुकसानीला तारीख नसते तिला अर्जावर लिहायला रकाना सापडत नाही. असा रकाना आखून देणे हे साहित्याचे काम आहे आणि तो आखला गेला आहे की नाही हे पाहणे समीक्षेचे.

म्हणून माझी सूचना माफक आहे. 'नव्वदोत्तरी' ही संज्ञा प्रकाशनकाळ सांगण्यापुरती ठेवावी. आर्थिक स्थित्यंतराचा विचार करताना साधारण १९६५ पासूनचा सगळा काळ 'दुपदरी काळ' म्हणून वाचावा, ज्यात योजना आणि बाजार शेजारी शेजारी नांदतात आणि प्रत्येक कुटुंब या दोन पदरांपैकी कोणत्या तरी एकावर, कधी दोन्हींवर, उभे असते. असे वाचले तर 'वाडा चिरेबंदी', 'अधांतर' आणि महानगरी कविता एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे म्हणून शेजारी ठेवता येतील. आणि भाडेपट्टा, साडेबारा टक्क्यांचा करारनामा, प्रकल्पग्रस्ताचा दाखला हे कागदही वाचण्याजोगे मराठी गद्य म्हणून आपल्या टेबलावर येतील. त्यांच्या भाषेत कोण कर्ता आहे, कोण कर्म आहे आणि कुठे क्रियापद कर्मणी होऊन कर्ता नाहीसा झाला आहे, एवढे व्याकरण पाहिले तरी पुष्कळ काही सापडेल.