काफच्या वाटेवर दोन मुले

समीरा अहमद यांची ‘अमीरा अँड हमझा : द वॉर टू सेव्ह द वर्ल्ड्स’ ही कुमारांसाठीची इंग्रजी कादंबरी २०२१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. लेखिकेचा जन्म मुंबईचा, वाढल्या त्या अमेरिकेत. भारतीय भाषांतल्या वाचकांनी या पुस्तकाकडे आवर्जून पाहावे असे मला वाटते, कारण आपल्या बालसाहित्यात वेगवेगळ्या कप्प्यांत राहिलेल्या दोन गोष्टी ते एकत्र आणते.

कथा शिकागोतली. बारा वर्षांची अमीरा आणि तिचा धाकटा भाऊ हमझा चंद्रग्रहणाच्या दिवशी मध्ययुगीन इस्लामी खगोलशास्त्राच्या प्रदर्शनाला जातात. ती आकाशवेडी, तो कंटाळलेला; दोघांची सतत भांडणे. हमझा नेमका हात लावू नये त्या ‘चंद्रपेटी’ला हात लावतो. सूर्य-चंद्राची गती दाखवणाऱ्या दंतचक्रांच्या अशा पेटीचे वर्णन अल्-बिरुनीने अकराव्या शतकात खरोखरच करून ठेवले आहे. पेटी जागी होते, आजूबाजूची माणसे गाढ झोपी जातात, चंद्राचा तुकडा निखळतो आणि समोर जिन्न उभे राहतात. भावंडांना काफ या अद्भुत देशात जाऊन तिथले युद्ध थांबवायचे आहे.

हा काफ आपल्याला नवा नाही. दास्तानांतला अमीर हमझा अठरा दिवसांसाठी काफला जातो आणि अठरा वर्षे अडकून पडतो. अकबराने याच कथेवर सुमारे १४०० चित्रे काढून घेतली, आणि लखनौच्या नवल किशोर छापखान्याने तिचे उर्दूत ४६ खंड काढले. मराठीतही अरबी सुरस गोष्टी आणि हातिमताई एकोणिसाव्या शतकातच आले. म्हणजे जिन्न, पऱ्या, तिलिस्म यांवर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या पोसल्या. पण त्या गोष्टींतली माणसे बगदाद-बसऱ्याची, फार जुन्या काळची. आपल्या शेजारच्या इमारतीत राहणारे, गृहपाठ टाळणारे मुसलमान मूल त्यांत नव्हते.

ते मूल भेटते दुसऱ्या कप्प्यात, आणि तिथे त्याला खेळायला वेळ नसतो. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला हमीद जत्रेत खेळणी न घेता आजीसाठी चिमटा घेतो. कथा थोरच आहे; प्रश्न आहे तो तिच्या पाठ्यपुस्तकी वारशाचा. त्या वारशात मुसलमान मूल येते ते समंजस, त्यागी, सलोख्याचा धडा देणारे म्हणून. वाचकाने त्याच्याविषयी हळहळावे किंवा त्याचे कौतुक करावे. त्याच्याबरोबर वेडे धाडस करायची संधी वाचकाला क्वचितच मिळते.

अहमद यांचा हमझा समंजस मुळीच नाही. तो आगाऊ आहे, चुका करतो, आणि त्याच्या चुकीचे ओझे कुठल्याही समाजावर पडत नाही. ही मोकळीक मला या पुस्तकाची सर्वांत मोठी कमाई वाटते. नावांतली गंमतही पाहण्यासारखी आहे. अमीर हमझा या एका वीराचे नाव बहीण-भावांत वाटले गेले आहे, आणि ‘अमीर’ म्हणजे सरदारकी बहिणीच्या वाट्याला आली आहे. गोष्टही तीच सांगते.

उणिवा आहेत. प्रत्येक संकटात कुणीतरी विनोद करतोच, त्यामुळे भीती मुरत नाही. जुन्या दास्तानीत ऐकणाऱ्याला तासन्‌तास ताटकळत ठेवण्याची जी कला होती, ती इथल्या धावपळीत हरवते. अमीराला सगळेच ठाऊक असल्याने काही पाने संग्रहालयातल्या माहितीफलकासारखी वाटतात.

मी या कादंबरीची काही प्रकरणे मराठीत करून पाहिली. सगळ्यात जास्त अडवले ते एका साध्या शब्दाने. काफमधले दुष्ट महाकाय प्राणी म्हणजे ‘देव’. फारसीतला हा शब्द आणि आपला ‘देव’ एकाच मुळातून आले. इराणमध्ये अर्थ उलटला, इतकेच. आता मराठीत ‘अमीरा देवांशी लढली’ असे लिहिले, तर आजच्या दिवसांत ते कसे वाचले जाईल, हे सांगायला नको. ‘राक्षस’ म्हटले की काफ पुसून जातो आणि लंका येते. मी ‘देओ’ लिहिले. उर्दू बोलण्यातला हा उच्चार कानाला परका नाही, आणि काही पानांत अर्थ आपोआप कळतो.

दुसरा पेच तळटिपांचा. जिन्न म्हणजे काय, काफ कुठे, हे प्रत्येक पानाखाली समजावून सांगायचे का? तशी टीप लिहिताना भाषांतरकार नकळत ठरवतो की मराठी वाचक मुसलमान नसणार. रत्नागिरीतल्या, सोलापुरातल्या, मालेगावातल्या ज्या मुलांनी आजीकडून जिन्नांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, ती मराठी शाळेत जात असली तरी त्या टिपेने पाहुणी ठरतात. म्हणून मी टिपा ठेवल्या नाहीत. बाकीच्या मुलांचे त्याने काही अडत नाही. मुले अनोळखी शब्द ओलांडून पुढे जातातच. तिलिस्माच्या गोष्टी आपण सगळ्यांनी तशाच वाचल्या.

कुणीतरी हे पुस्तक मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये आणावे. त्याहून बरे म्हणजे, आपल्याच एखाद्या गावातल्या अमीरा-हमझाच्या हाती अशी पेटी लागावी.