वाटेचे वाङ्मय

प्रवासवर्णनाचा एक नवा प्रकार अलीकडे आपल्याकडे रुजू पाहत आहे. जाड चाकांच्या डोंगरी सायकली घेऊन मळ्यांतून, नदीकाठाने आणि टेकड्यांच्या उतारांवरून भटकण्याची हौस सुशिक्षित तरुणांत वाढत आहे, आणि ज्या वाटांनी ही मंडळी जातात त्यांची टिपणे, माहितीपत्रके व वर्णने मराठीतही लिहिली जात आहेत. या लेखनास वाङ्मय म्हणावे काय, असा प्रश्न कोणी करील. मनुष्य ज्या भूमीवरून जातो तिच्याविषयी लिहू लागला म्हणजे त्या लिहिण्याचा कस पाहणे हे टीकाकाराचे कर्तव्यच ठरते. मग ते लेखन दोनशे पृष्ठांचे असो की दोन पानांचे. म्हणून या नव्या लेखनाकडे आम्ही आस्थेने पाहतो, आणि आस्थेमुळेच त्याचा एक दोष वाचकांपुढे मांडतो.

तो दोष असा की, ही वर्णने एकाच साच्यातून निघतात. आरंभी द्राक्षांचे मळे, मध्ये नदीचे खोरे, शेवटी टेकडी व तीवरील सूर्यास्त, आणि या सर्वांना मिळून ‘रमणीय’ हे एकच विशेषण. असे वर्णन नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या परिसराला लागू पडते, जर्मनीतील मोझेल नदीच्या काठाला लागू पडते, आणि ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यालाही तितकेच लागू पडते. गावाचे नाव खोडून दुसरे घातले असता ज्यातील एकही वाक्य मोडत नाही, ते वर्णन त्या गावाचे नव्हे, लेखकाच्या सवयीचे होय.

वस्तुतः मळा आणि मळा यांत किती अंतर आहे! मोझेलकाठी ब्रेम गावाजवळचा कालमोंट नावाचा उतार युरोपातील अत्यंत तीव्र द्राक्षउतारांपैकी एक गणला जातो. तेथे दगडी बांध रचून माती धरावी लागते, आणि बरेचसे काम माणसाच्या हातांनीच होते. तेथील पायवाट ही मुळात मजुराची वाट आहे. तेथे वेल हिवाळ्यात निजते आणि तिची मुख्य छाटणी वर्षातून एकदाच होते. नाशिकच्या वेलीला अशी नीज नाही. तिची छाटणी वर्षातून दोनदा करावी लागते. एप्रिलच्या सुमारास काडी तयार व्हावी म्हणून, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ धरावे म्हणून. या दुसऱ्या छाटणीनंतर अवेळी पाऊस आला किंवा दव धरले, की केवडा नावाच्या रोगाची धास्ती पडते. पहाटेच्या ज्या धुक्यास सायकलस्वार ‘स्वप्नवत्’ म्हणून आपल्या टिपणात नोंदवितो, त्याच धुक्यामुळे बागायतदार फवारणीचा पंप काढून बसलेला असतो. वर्णनकाराने धुक्याची शोभा सांगू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या शोभेच्या शेजारी पंपाचा आवाज ज्याला ऐकू आला नाही, तो त्या मळ्यातून गेला यास पुरावा कोणता?

हीच कसोटी आम्ही द्राक्षांच्या प्रदेशापासून फार दूर असलेल्या एका गावाला लावून पाहतो. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या टोकाशी, मध्यप्रदेशच्या सीमेला लागून बावनथडी नदीच्या परिसरात बपेरा हे गाव आहे. येथे द्राक्षमळा नाही. साच्यातील पहिलाच दागिना नसल्यामुळे सामान्य वर्णनकार येथे थांबणारच नाही. परंतु वाटांचा विचार केला तर या मुलुखाइतकी श्रीमंती थोड्याच ठिकाणी सापडेल. बैलगाडीची पांदण आहे. धानाच्या बांध्यांमधून जाणारे धुरे आहेत. कालव्याच्या काठाची वाट आहे. सातपुड्याकडील रानात वणवा अडविण्यासाठी वनखात्याने काढलेल्या जाळरेषा आहेत. मोहफूल व तेंदूपान गोळा करणाऱ्यांनी पायांनी पाडलेल्या अरुंद वाटा आहेत. आणि चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींकडे जाणारे रस्ते आहेत. सोंड्याटोला येथे बावनथडीचे पाणी उपसून ते चांदपूरच्या जलाशयात नेण्याची योजना या भागात आहे. म्हणजे येथे नदीचे पाणी टेकड्यांकडे चढून जाते, आणि तेथून कालव्याने पुन्हा शेतात उतरते. याच तालुक्यात आंबागडचा किल्ला आहे. तो सुमारे 1700 साली, देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या अमदानीत बांधला गेला. बावनथडी पुढे वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. इतके सारे ज्याच्या चाकाखालून जाते त्याला ‘रमणीय’ या एका शब्दावर काम भागवावे लागत असेल, तर दारिद्र्य प्रदेशाचे नव्हे.

कोणी म्हणेल, वाट नेमकेपणाने सांगण्याची रीत आपल्याकडे नाही. ती पाश्चात्त्यांकडून शिकावी लागेल. हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. मराठी गद्याच्या अगदी पहाटे महानुभाव पंथाने ‘स्थानपोथी’ रचली. श्रीचक्रधर जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या त्या ठिकाणाची दिशा, दार कोणीकडे, देऊळ कोठे, नदी कोणत्या अंगास, हे तीत काटेकोर नोंदले आहे. चक्रधरांचे अनुयायी नीळभट्ट भांडारेकर हे तर याच भंडाऱ्याचे. स्थानपोथीत शोभेची विशेषणे शोधू गेल्यास निराशा होईल. तरीही त्या रूक्ष दिशांमागे एवढी भक्ती उभी आहे की वाचक थबकतो. जे स्थान चुकले तर नमस्कार चुकेल, ते स्थान मनुष्य अचूक लिहितो.

दुसरे उदाहरण विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचे. 1857 च्या धामधुमीत पायी हिंडलेल्या या वरसईकर भिक्षुकाचे हे कथन 1907 साली छापून निघाले. गोडसेभटजींची वाट सुंदर की असुंदर हा प्रश्नच त्यांना नव्हता. पुढच्या मुक्कामी अन्न मिळेल की लूट होईल, हा प्रश्न होता. म्हणून त्यांच्या कथनात वाटेला वजन आहे. तिसरे उदाहरण आपल्या काळाचे आणि याच झाडीपट्टीचे. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या रानात अनेक वर्षे काढली. ते रान 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यातच मोडत असे. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘रानवाटा’ आहे. पक्ष्याचे, झाडाचे आणि जागेचे स्थानिक नाव गावच्या जाणत्या माणसाकडून विचारून घ्यावे, ही त्यांची शिस्त नव्या वर्णनकारांनी उचलण्याजोगी आहे.

तथापि सायकलस्वारावर सर्व दोष लादणे अन्यायाचे होईल. पायी चालणाऱ्यास जे कळत नाही असे काही त्यास निश्चित कळते. डोंगरी सायकलीचा हा खेळ अमेरिकेतील कॅलिफोर्नियात टमालपायस पर्वताच्या परिसरात वाढला. 1976 पासून तेथे काही तरुण जुन्या जड सायकली घेऊन वणवा अडविण्याच्या रस्त्यावरून खाली उतरण्याची शर्यत लावीत. उतार इतका की मागच्या चाकाच्या ब्रेकातील वंगण तापून जळून जाई, आणि तळाशी पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले. हाच खेळ 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिक सामन्यांत जाऊन पोचला. परंतु आम्हांस त्या पदकांपेक्षा ते नाव मोलाचे वाटते. काय घडते ते सांगणारे, हाताला वंगण लागलेले असे ते नाव आहे, आणि कोणत्याही दुसऱ्या टेकडीला ते उसने देता येत नाही.

शिवाय वाटा बांधणाऱ्यांनी अनुभवाने एक नियम शोधला आहे. टेकडीच्या अंगाचा जेवढा उतार असेल, त्याच्या निम्म्याहून अधिक उतार वाटेला देऊ नये. दिल्यास पावसाचे पाणी वाट ओलांडून खाली न जाता वाटेनेच धावू लागते, आणि थोड्याच पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. उतार, माती आणि पाणी यांचे नाते सायकलस्वाराला मनगटात व गुडघ्यात जाणवते. हे ज्ञान मराठी गद्यात अद्याप उतरलेले नाही. ते उतरले तर या वाङ्मयास स्वतःचा प्रांत मिळेल.

आणि हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. वर्णन वाचून माणसे येतात, आणि माणसे आली की वाट बदलते. बपेऱ्याकडील धुरा हा दिसायला हिरवा, अरुंद, सायकलीस मोह पाडणारा पट्टा आहे. परंतु तो रस्ता नव्हे. बांधीतील पाणी धरून ठेवणारी ती मातीची भिंत आहे. रोवणीच्या दिवसांत ओल्या धुऱ्यावर चाकाची एक चाकोरी पडली, की पाण्याला तेवढीच वाट पुरते. रात्रीतून वरची बांधी रिती होते आणि खालच्या बांधीतील नुकतेच रोवलेले पऱ्हे उपटून जातात. तसेच मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली बायका वाकून फुले वेचीत असतात. चालणाऱ्याची पावले वाजतात, बैलगाडी तर दुरूनच कळते. सायकल मात्र वळणावरून निःशब्द अंगावर येते. ज्या रानात वन्य श्वापदांच्या भयाने माणूस आधीच कान टवकारून असतो, तेथे अशा अकस्मात येण्याचा अर्थ काय होतो, हे वर्णनकाराने लिहिले नाही तर येणाऱ्यास कोण सांगणार? ‘हा धुरा आहे, येथे उतरून सायकल हाती धरावी’ एवढे एक वाक्य एका शेतकऱ्याचा हंगाम वाचवू शकते. असे वाक्य ज्या वर्णनात आहे, ते आम्ही शंभर सूर्यास्तांपेक्षा श्रेष्ठ मानतो.

म्हणून या नव्या लेखकांकडे आमची मागणी थोडकी आहे. प्रत्येक वाटेविषयी तीन गोष्टी विचारून मगच लेखणी उचलावी: ही वाट कोणी पाडली, आज ती कोणाच्या कामाची आहे, आणि पावसाळ्यात तिचे काय होते. या तिन्हींची उत्तरे माहितीपत्रकांत मिळत नाहीत. पांदणीवर गाडी हाकणाऱ्यास थांबवून विचारावी लागतात, आणि त्यासाठी सायकलीवरून खाली उतरावे लागते. तेवढे उतरणे ज्यांना जमेल, त्यांच्या हातून बपेऱ्याची वाट मराठीत पहिल्यानेच लिहिली जाईल, आणि ती वाचावयास आम्ही उत्सुक आहो.