निंदणी कोणाच्या हाती? माहिती किती दिवस ठेवावी आणि केव्हा पुसावी

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. एखादी कचेरी, बँक, दवाखाना किंवा कंपनी आपल्याविषयीची माहिती संगणकात साठवते. ती किती दिवस ठेवावी आणि केव्हा पुसावी, एवढाच प्रश्न. हे संगणकवाल्यांचे काम, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न आधी न्यायाचा आहे, संगणकाचा नंतर. आणि नंदुरबारच्या माणसाने तो विचारायला खास कारण आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. म्हणजे या मोठ्या नोंदवहीचे पहिले पान आपल्या मातीत लिहिले गेले.

आपल्या सरकारी कचेऱ्यांत एक सुंदर शब्द आहे, निंदणीकरण. अभिलेख कक्षात अ, ब, क, ड असे गठ्ठे लावतात. 'अ' वर्गातले कागद कायम ठेवायचे, 'ड' वर्गातले वर्षभराने काढून टाकायचे. नको ते काढण्याला निंदणीकरण म्हणतात. शब्द सरळ शेतातून आलेला. आता निंदायला बसलेल्या बाईला तण कोणते आणि पीक कोणते हे नक्की माहीत असते. कचेरीतल्या बाबूला ते माहीत असते का? सगळी टीका या एका प्रश्नात आहे.

कागदाच्या काळात निवड करणे भागच होते. खोली भरायची, वाळवी लागायची, उंदीर यायचे. संगणकाने ही सक्ती काढून घेतली. ठेवायला जवळजवळ खर्च नाही, म्हणून ठेवतात. पुसायला मात्र कष्ट पडतात, कारण एकच नोंद मुख्य यंत्रात असते, राखीव प्रतीत असते, दुसऱ्या खात्याला पाठवलेल्या यादीतही असते. एका ठिकाणची पुसली म्हणजे पुसली असे होत नाही. जुन्या दप्तराचा दोष हरवण्याचा होता, नव्या दप्तराचा दोष न हरवण्याचा आहे.

हा दोष न्यायालयाने ओळखला. आधारची पडताळणी झाली की तिची नोंद राहते. २०१६ च्या विनियमांत ती सहा महिने ठेवून पुढे पाच वर्षे जपून ठेवायची तरतूद होती. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांची तरतूद रद्द केली. सहा महिन्यांपलीकडे नोंद ठेवायची नाही. बरोबरच आहे. माणूस कोणत्या दिवशी कुठे अंगठा लावून आला, याची वर्षानुवर्षांची माळ ओवली तर त्याचे सगळे आयुष्य दुसऱ्याच्या टेबलावर उलगडते.

पुढे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला. त्याचे तत्त्व असे : ज्या हेतूसाठी माहिती घेतली तो हेतू संपला की माहिती पुसा. ऐकायला किती स्वच्छ! पण दोन ठिकाणी आमचे अडते.

पहिले असे की, पुसण्याचे हे बंधन कायद्याने राज्यसंस्थेला लावलेलेच नाही. कलम १७ मध्ये तिला सूट आहे. सक्ती दुकानदारावर, मोकळीक सरकारवर. आता बघा, २०२५ चे नियम टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्यांत दोन कोटींहून अधिक ग्राहकांच्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना खाते तीन वर्षे निपचित पडले की माहिती पुसायची आहे, आणि पुसण्याआधी किमान ४८ तास ग्राहकाला कळवायचे आहे. साडी मागवणाऱ्याला ही सूचना मिळेल. रेशनच्या रांगेतल्या माणसाचा व्यवहार सरकारशी, त्याच्यासाठी पुसण्याचे हे बंधनच नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. हेतू संपला, पण कोणाचा हेतू? अक्कलकुवा-धडगावकडे चला. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपल्या ताब्यात होती हे दाखवावे लागते. गावातल्या जाणत्यांचे जबाब चालतात, बांध-विहिरीच्या खुणा चालतात, सरकारी कागद चालतात. त्यात वनखात्याने फाडलेल्या दंडाच्या जुन्या पावत्याही पुढे केल्या गेल्या. ज्या कागदाने बापाला अतिक्रमणदार ठरवले, तोच कागद लेकाच्या हक्काचा पुरावा! खात्याचा हेतू तर दंड भरला त्याच दिवशी संपला होता. 'हेतू संपला, पुसा' हा नियम तेव्हा कडकपणे पाळला असता तर ही जमीन कशाच्या जोरावर मागितली असती?

मग सगळेच ठेवा म्हणायचे का? नाही. आधारचा माग ठेवला तर माणूस उघडा पडतो, पावती टाकली तर माणूस बेघर होतो. काळ मोजून हा गुंता सुटत नाही. नोंद कोणाच्या बाजूने बोलणार आहे, हे विचारावे लागते.

आणि कधी एकच नोंद दोन्ही बाजूंनी बोलते. रेशन दुकानात एखाद्या आजीचा अंगठा जुळत नाही. शेतात राबून रेषाच झिजलेल्या. ती रिकाम्या हाताने परतते. यंत्रात नोंद राहते ती फक्त 'जुळले नाही' एवढी. सहा महिन्यांनी तीही गेली की आपल्याला धान्य नाकारले हे ती कशाने सिद्ध करणार? नैयायिकांनी स्मृतीला प्रमेत धरले नाही, ते इथे आठवावे. स्मृती पूर्वीच्या अनुभवावर टेकलेली असते, तिला स्वतंत्र प्रामाण्य नाही. संगणकाची नोंद ही यंत्राची स्मृती आहे. यंत्राला अंगठा दिसला, आजी दिसली नाही. म्हणून नोंद जपण्याइतकेच ती कशाची नोंद आहे हे सांगणारा माणूस जपणेही गरजेचे आहे.

तेव्हा आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. एक, ज्या नोंदीमुळे कोणाला काही नाकारले गेले, तिची कागदी प्रत त्याच दिवशी त्या माणसाच्या हाती द्यावी. मग यंत्रातली खुशाल सहा महिन्यांनी पुसा. दोन, जमीन, पुनर्वसन, मजुरी यांच्या नोंदी पुसण्याआधी कोणत्या वर्षांच्या, कोणत्या प्रकारच्या नोंदी जाणार, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे, आणि तेही लोकांच्या बोलीत. तीन, काय पुसले, कोणाच्या हुकमाने पुसले, याची यादी मात्र कधी पुसू नये.

कोणी म्हणेल, एवढा व्याप कोण करणार? कचेरीला तो व्याप वाटतो, कारण चुकीच्या निंदणीत तिचे काही उपटले जात नाही. शेत ज्याचे, त्याला निंदणीच्या वेळी बांधावर उभे राहू द्या, एवढेच आमचे म्हणणे. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.